जुन्या घराची उजळणी
(देवळी-वर्धा परिसरातील एका दुर्लक्षित परंपरेचा इतिहास)

घर बांधणे हे आयुष्यात एकदा घडणारे कार्य आहे. घर राखणे हे दरसालचे. पहिल्याची नोंद सरकारी दप्तरात होते, वास्तुशांतीच्या पत्रिकेत होते, क्वचित दारावरच्या कोरीव ओळीतही होते. दुसऱ्याची नोंद कोठेच होत नाही. वाडा कोणत्या साली उभा राहिला हे गावातील जाणते सांगू शकतात; परंतु त्याच वाड्याची कुजलेली चौकट कोणी बदलली, सैल झालेली बाज कोणी ताठ केली आणि काळवंडलेले माजघर दर दिवाळीला कोणाच्या हातांनी उजळले, हे विचारले असता उत्तर मिळत नाही. आपली ज्ञाती सुतार-वाढयांची. घर उभारण्यात जितका आपला वाटा, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, ते राखण्यात आहे. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत जुने घर आणि जुने सामान नवे करण्याच्या आपल्याकडील रीतीचा थोडा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

देवळी आणि तिची घरे

देवळी हे वर्ध्याच्या नैर्ऋत्येस सुमारे अठरा किलोमीटरांवर, यवतमाळच्या वाटेवर वसलेले जुने गाव. मिरननाथ महाराजांच्या देवस्थानामुळे ते भाविकांना आणि बाजारामुळे शेतकऱ्यांना परिचित आहे. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला आणि वर्धा शहर १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसविण्यात आले. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६७ साली, देवळीस नगरपालिका मिळाली. म्हणजे जिल्ह्याचे मुख्य शहर अजून आखले जात असताना देवळी हे नांदते, भरल्या घराचे गाव होते. १९०१ सालच्या शिरगणतीत येथील लोकसंख्या ५,००८ भरली होती.

या भरभराटीच्या मुळाशी कापूस होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाड व वर्धा खोऱ्यातील कापसाचे भाव एकाएकी चढले. १८६७ साली आगगाडी वर्ध्यावरून नागपुरास पोहोचली आणि माल मुंबईच्या बंदरास नेणे सोपे झाले. (खुद्द देवळीच्या स्थानकावर गाडी यावयास मात्र २०२४ साल उजाडावे लागले!) कापसाच्या पैशातून या मुलखात जी घरे उभी राहिली ती आपल्या पूर्वजांच्या हातची. जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब व पाटया, वर कवेलूंचे छप्पर, पुढे ओसरी, आत माजघर, देवघर व सैपाकघर, मागे आंगण व गोठा, असा त्यांचा सर्वसाधारण घाट असे.

या घरांतील सामान आजच्या मानाने फार थोडे होते. ओसरीवर बंगई, निजावयास बाज, जेवावयास पाट, पूजेस चौरंग आणि देव्हारा, कपडालत्ता व दागदागिने ठेवावयास सागाची पेटी. उरलेली सोय भिंतीतच केलेली असे: कोनाडा, दिवळी, फडताळ, खुंट्या. खुर्ची व मेज या वस्तू कचेरी, शाळा आणि मालगुजाराची बैठक यांच्या वाटेने गावात आल्या आणि बरीच वर्षे सामान्य घराच्या उंबऱ्याबाहेरच राहिल्या. सामान थोडे असल्यामुळे एकेक वस्तू दोन-तीन पिढ्या वापरली जाई, आणि इतकी वापरावयाची म्हटल्यावर तिची डागडुजीही ओघानेच आली. आजीच्या लग्नातील पाट नातीच्या लग्नात निघे तेव्हा त्यावर रंधा फिरलेला असे, एखादा पाय नवा बसलेला असे. तरी तो आजीचाच पाट म्हणून ओळखला जाई.

वर्षाचे उजळणीचे दिवस

घर उजळण्याचे दिवस पंचांगाने ठरवून दिलेले होते. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरले जात. फुटलेले काढावयाचे, घसरलेले सारखे करावयाचे, वाळवीने खाल्लेली काठी बदलावयाची. पोळ्याला गोठा व औते यांची पाळी. नवरात्रापूर्वी घर झाडणे, दसऱ्याला हत्यारे, आणि दिवाळीपूर्वी संपूर्ण घर. लग्नकार्य निघाले तर या साऱ्याची पुन्हा एक फेरी.

या कामाचा सर्वांत मोठा भार स्त्रियांनी वाहिला, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. नदीकाठची किंवा खाणीची पांढरी माती आणणे, ती भिजविणे, चाळणे, भिंतीच्या भेगा गव्हांड्याने कालविलेल्या चिखलाने बुजविणे, मग पोतेऱ्याने भिंत पोतारणे, खाली शेणाचे सारवण, कडेला गेरूची रेघ, उंबऱ्यावर रांगोळी. इतके झाले की चार हातांची अंधारी खोलीदेखील दुप्पट वाटू लागे. या कामास कोणी कला म्हटले नाही, मजुरी तर कोणी दिलीच नाही. परंतु कोणती माती भिंतीला धरते, कोणती सुकल्यावर तडकते, शेण किती व भुसा किती, याचे ज्ञान आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जात राहिले.

या ज्ञानात जे शास्त्र दडले आहे ते आज आपल्याला नीट समजते. मातीची भिंत ओल शोषते आणि उन्हात ती सोडून देते. पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात दिला तरी तिचे हे श्वसन चालूच राहते. कळीचा चुना पाण्यात विरतो, भिंतीवर चढतो आणि हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. त्याच्या क्षारधर्मामुळे बुरशीला थारा मिळत नाही. उलट याच भिंतीवर तेलरंगाचा थर दिला की आतली ओल आत कोंडते, आणि दोन पावसाळ्यांत रंगासकट मातीचे पापुद्रे गळू लागतात. जुन्या वाड्यांतून 'भिंत खराब झाली' म्हणून जी तक्रार ऐकू येते, तिच्यात पुष्कळदा दोष भिंतीचा नसून तिच्यावर चढविलेल्या रंगाचा असतो.

सुताराचा वाटा

आता आपल्या हातांकडे वळू. गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर, वखर, तिफण, डवरा, बंडी यांची दुरुस्ती वर्षभर करावयाची आणि त्याबद्दल हंगामात खळ्यावर दर नांगरामागे ठरलेले धान्य घ्यावयाचे, असा करार. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपला ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यातही गावच्या सुताराची ही धान्याची आवक नोंदलेली आहे. नवे दार, नवी पेटी, लग्नाचा चौरंग यांचा मोबदला निराळा. पण औताची डागडुजी ही बलुत्यातच धरली जाई.

या व्यवस्थेचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. ज्या कारागिराला वर्षाचे ठराविक धान्य मिळते त्याचे हित वस्तू टिकण्यात असते. ती मोडण्यात नसते. तिफणीचा दांडा वर्षातून तीनदा मोडला तरी धान्य तेवढेच! म्हणून गाठ नसलेले, नीट वाळलेले लाकूड निवडणे, सांधा घट्ट बसविणे, आणि पुढे जो भाग झिजणार तो सहज काढता येईल असा ठेवणे, ही दूरदृष्टी आपल्या धंद्यात मुरली. बाजेचा पाय असो वा बंडीच्या चाकाचा आरा असो, एक भाग निकामी झाला म्हणून सारी वस्तू टाकण्याची वेळ येऊ नये अशीच तिची घडण असे.

तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचा काळा भागही विसरून चालणार नाही. बलुत्याचे धान्य देणाऱ्याच्या मर्जीवर असे आणि दुष्काळाच्या साली ते सर्वांत आधी तुटे. वाड्यातील नक्षीदार खांब घडविणाऱ्याच्या स्वतःच्या घरी बहुधा बाभळीच्या मेढी असत. कोरीव देव्हारा ज्याने घडविला त्याला तो देवघरात बसविल्यावर पुन्हा आत शिरण्याची मुभा असेलच असे नसे. आपल्या वडिलांनी पोरांना 'रंधा धरू नको, शाळेत जा' असे सांगितले ते उगीच नव्हे. हा इतिहास सांगण्याचा हेतू मुलांना पुन्हा त्या जुन्या व्यवस्थेत ढकलण्याचा मुळीच नाही. त्या व्यवस्थेतून जे कौशल्य आपण वाचवून आणले ते तिच्याबरोबरच गाडले जाऊ नये, एवढाच आहे.

लाकडी नंदीची साक्ष

जुनी वस्तू दरसाल नवी करण्याची रीत पाहावयाची असेल तर आपल्या विदर्भातील तान्हा पोळा पाहावा. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा. दुसऱ्या दिवशी पाडव्याला मुलांच्या लाकडी नंदींचा. हा सण नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, दुसऱ्या रघूजी राजांच्या वेळेपासून चालत आल्याचे सांगतात. आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. तेथे माणसाच्या उंचीचे नंदी चाकांवर बसवून मिरवीत आणतात.

हे नंदी पिढीजात असतात. वर्षभर ते घराच्या कोपऱ्यात उभे असतात, आणि पोळ्याच्या आधी त्यांचा कायापालट होतो. शिंगाला तडा गेला असेल तर पाचर, कान सैल झाला असेल तर सरस, चाकाचा आस झिजला असेल तर नवा आस. मग अंग घासून गुळगुळीत करावयाचे, रंग किंवा पॉलिश चढवावयाचे, झूल, घुंगरे, तोरण. आजोबांचा नंदी नातू मिरवितो तेव्हा तो जुना म्हणून कोणी नाक मुरडीत नाही. जितक्या पिढ्या अधिक, तितका मान अधिक. ज्या घरात नंदीविषयी ही वृत्ती आहे त्याच घरात आजोबांच्या पेटीविषयी मात्र ती का नसावी, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावयाजोगा आहे.

वर्ध्याचे तीन दाखले

जुन्या वास्तूला थोडक्या खर्चात नवे रूप देण्याचे सर्वांत थोर दाखले आपल्या देवळीपासून बैलगाडीच्या अंतरावर आहेत, याचा आपल्याला विसर पडतो. वर्धा ही राष्ट्रीय चळवळीची भूमी म्हणून जगात ख्यात झाली. परंतु तिची ही कीर्ती ज्या वास्तूंशी निगडित आहे त्यांतील कित्येक मुळात दुसऱ्याच कामासाठी उभारलेल्या होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही.

पहिला दाखला मगनवाडीचा. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा जमनालाल बजाज यांनी आपल्या बागेची जागा घरासह त्यास दिली. १९२८ साली निवर्तलेल्या मगनलाल गांधींचे नाव त्या वाडीस देण्यात आले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी तेथे तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांचे प्रयोग चालविले. बागेतील घराचे अशा रीतीने कारखान्यात, कचेरीत आणि विद्यालयात रूपांतर झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी तेथेच मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले.

दुसरा दाखला पवनारचा. धाम नदीच्या काठी जमनालालजींचा एक बंगला होता. १९३८ साली प्रकृती सुधारण्यासाठी विनोबा तेथे राहावयास गेले आणि त्याच बंगल्याचा परंधाम आश्रम झाला. आश्रमाची जमीन खणताना भरतभेटीचे शिल्प व इतर प्राचीन मूर्ती सापडल्या, त्याही तेथेच भिंतींत व आवारात प्रतिष्ठित केल्या आहेत. जुन्या वास्तूचा मान राखून तिला नवा संसार कसा द्यावा, याचे हे बोलके उदाहरण होय.

तिसरा दाखला सर्वांत मोठा: सेवाग्रामची बापूकुटी. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी पायी चालत शेगाव या खेड्यात आले. शेगावच्या नावाने टपालाचा घोळ होई म्हणून १९४० साली त्याचे नाव सेवाग्राम झाले. प्रथम ते ज्या घरात इतरांसह राहिले ते आदिनिवास. त्याचा खर्च शक्यतो शंभर रुपयांच्या आत राहावा आणि सामान व मजूर गावचेच असावेत, अशी त्यांची इच्छा होती. आज जी कुटी बापूकुटी म्हणून ओळखली जाते ती मात्र मीराबहेन यांनी स्वतःसाठी व गावच्या सूतकताईच्या वर्गासाठी उभारलेली होती. त्या तेथून हलल्यावर तीच कुटी वाढवून, ओसरी व खोल्या जोडून, गांधीजींसाठी करून घेण्यात आली. मातीच्या भिंतींवर मीराबहेन यांनी उठावात काढलेली ताडाची झाडे व चरखा अद्यापि पाहावयास मिळतात. चुन्याचा एक ठिपकाही खर्च न करता, भिंतीच्याच मातीतून भिंतीचा शृंगार!

कुटीतील सामान पाहावे: चटई, पाठीस टेकण, बुटके मेज, भिंतीतच केलेल्या फळ्या. देशोदेशीचे लोक येथे येऊन जमिनीवर बसत. व्हाइसरॉयशी बोलणे सुलभ व्हावे म्हणून सरकारने बसविलेला दूरध्वनीही याच आश्रमात होता. १९४६ साली गांधीजी येथून गेले ते परत आले नाहीत. परंतु कुटी उभी आहे. ती उभी राहण्याचे कारण असे की दरसाल तिचे कवेलू फेरले जातात, भिंती लिंपल्या जातात, जमीन सारवली जाते. मातीचे घर दगडाच्या घरासारखे एकदा बांधून विसरता येत नाही. त्याला दर वर्षी हात लागावा लागतो. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हा विचारवंत सेवाग्रामास आला असता त्याने या कुटीत बराच वेळ घालविला आणि तिच्यात सात निरनिराळ्या प्रकारच्या जागा असल्याचे आपल्या भाषणात दाखवून दिले. घर आणि केवळ सामान कोंबण्याची जागा यांतील भेद त्याने त्या मातीच्या भिंतींकडे पाहून उलगडला.

गांधीजींनी १९३७ च्या जानेवारीत 'हरिजन' पत्रात आदर्श खेड्याचे जे चित्र रेखाटले त्यात पाच मैलांच्या टापूत मिळणाऱ्या सामानाने बांधलेली, भरपूर उजेड व हवा असलेली घरे अपेक्षिली होती. कुमारप्पांनी आपल्या अर्थशास्त्रात साठ्यावर जगणारी व प्रवाहावर जगणारी अशी दोन प्रकारची अर्थव्यवस्था सांगितली. कोळसा, तेल, लोखंड हा साठा. तो उपसला की संपला. लाकूड हा प्रवाह. झाड जितक्या वेगाने वाढते तितक्याच वेगाने वापरले तर तो आटत नाही. सागाचे झाड चांगले पक्व व्हावयास साठ-सत्तर वर्षे लागतात. म्हणून त्या झाडाची पेटी निदान तितकी वर्षे तरी टिकली पाहिजे, हा हिशेब कोणत्याही सुताराच्या पोराला समजण्याजोगा आहे.

नवा काळ आणि मोडीचे दुकान

स्वातंत्र्यानंतर घरांचे रूप झपाट्याने पालटले. पोलादी कपाट आले, प्लायवूड आले, त्यावर चिकटवावयाचे रंगीत तक्ते आले. १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आला आणि सरसाचे भांडे चुलीवर ठेवण्याची गरज संपली. या सोयींनी कारागिराचे श्रम वाचले, यात संशय नाही. पण एक फरक झाला. सरसाने जोडलेला सांधा गरम पाण्याच्या वाफेने सुटतो. म्हणून जुनी खुर्ची उकलून, साफ करून, पुन्हा जोडता येते. नव्या गोंदाचा सांधा सहसा सुटत नाही, आणि भुश्याच्या दाबीव तक्त्याचे कपाट एकदा ओल लागून फुगले की त्याला रंधाही लावता येत नाही. अशी वस्तू दुरुस्तीसाठी केलेलीच नसते.

त्याच सुमारास वाडे पडू लागले. वाटण्या झाल्या, मुले पुण्या-नागपुरास गेली, वारसांनी जागा विकली. वाडा पाडताना निघालेले खांब, पाटया, दारे यांचे ढीग मोडीच्या दुकानांपुढे दिसू लागले. जे लाकूड आपल्या पणजोबांनी वर्ष-दोन वर्षे वाळवून मग कापले, ते आज वजनावर विकले जाते. तेच पुढे मुंबई-बंगळूरच्या धनिकांच्या दिवाणखान्यात पॉलिश होऊन अनेक पटींनी महाग होते. विकणारा आपलाच, विकत घेऊन नवे करणारा परका, अशी ही उलटी रीत आहे. आणि ज्या घराने पाच हजारांत सागाची दारे विकली त्याच घरात मुलीच्या लग्नासाठी दाबीव तक्त्याचा पलंग व कपाट हप्त्याने, कर्ज काढून घेतले जाते. लग्नाच्या हौसेला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंतु हप्ते फिटण्यापूर्वी जर पलंगाची फळी वाकत असेल, तर तो व्यवहार कोणाच्या हिताचा झाला?

जुन्या सामानाचा जीर्णोद्धार

जुने सामान नवे करण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. आपल्या घराघरांतून होते ती रीत थोडक्यात नोंदून ठेवतो, म्हणजे ज्यांच्या घरी आता हत्यारे उरली नाहीत त्यांनाही उपयोग होईल.

प्रथम परीक्षा. लाकूड कोठे पोकळ वाजते ते ठोकून पाहावे. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही. कडेचे पांढरे लाकूड मात्र ती पोखरते. तेवढाच भाग काढून त्याच जातीचे जुने लाकूड बसवावे. नवे ओले लाकूड जुन्यात बसविले तर ते सुकून आक्रसते आणि सांधा पुन्हा हलू लागतो. सैल सांध्यात खिळा ठोकण्याचा मोह टाळावा. खिळ्याने लाकूड चिरते. सांधा उकलावा, जुना सरस खरवडावा, कूस सैल झाली असल्यास बारीक पाचर देऊन पुन्हा बसवावी.

मग पृष्ठभाग. जुने पॉलिश लाखेचे आहे की नाही हे पाहावयाचे असेल तर आडबाजूला स्पिरिटचा थेंब टाकावा. लाखेचे असेल तर ते मऊ होऊन चिकट लागते. असे पॉलिश खरवडून काढावेच लागते असे नाही. कित्येकदा स्पिरिटने भिजविलेला बोळा हलक्या हाताने फिरविला की तेच थर पुन्हा एकजीव होतात. नवे पॉलिश चपडा लाख स्पिरिटात विरवून, कापसाच्या बोळ्यावर मऊ फडके गुंडाळून, पातळ हातांनी द्यावे. एका जाड हातापेक्षा आठ पातळ हात बरे. पाट, चौरंग, बंगईची फळी यांना आपल्याच शेतातील जवसाचे तेल पुरे. ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून दोन हातांमध्ये दिवस जाऊ द्यावे. एक सावधगिरी फार महत्त्वाची: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघडी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

जुन्या तेलरंगाबाबतही जपावे. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगविलेली दारे व पाळणे कोरडे घासल्यास जी धूळ उडते ती लहान मुलांच्या मेंदूस अपायकारक असते. असे काम उघड्यावर, लाकूड पाण्याने ओले करून, तोंडावर फडके बांधून करावे, मुलांना दूर ठेवावे, आणि खरवडलेला रंग झाडून टाकण्याऐवजी ओल्या कापडाने गोळा करावा.

खोलीच्या बाबतीत सूत्र एकच: आधी काढा, मग घाला. कोंदट खोलीतील निम्म्याहून अधिक कोंदटपणा नको असलेल्या सामानाचा असतो. ते काढले, खिडकीपुढचे कपाट हलविले, छपरात एक काचेचे कवेलू बसविले आणि भिंतीला चुन्याचा हात दिला की खोली बदलते. बुजविलेला कोनाडा मोकळा केला तर त्यात पुस्तके राहतात. जुन्या दाराची फळी दोन पेट्यांवर टाकली तर मुलाचे अभ्यासाचे मेज होते. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने जी नई तालीम आखली, तीत सूतकताई-विणकामाबरोबर लाकूडकामासही स्थान होते. त्यामागील विचार हाच की हाताने वस्तू घडविणारे मूल वस्तूची किंमत शिकते. तो विचार शाळेतून मावळला असला तरी घरातून चालविण्यास कोणाची हरकत आहे?

ज्ञातीपुढील कार्य

आता शेवटचा आणि मुख्य मुद्दा. हत्यार चालविणारे हात आपल्यात कमी होत चालले आहेत. शिकलेली पिढी कचेरीत, कारखान्यात, परगावी स्थिरावली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण मागे राहिलेल्या घरांत वाकस, किकरे, रंधे गंजत पडले आहेत, आणि सांधा उकलून जोडण्याची विद्या ज्यांच्या बोटांत आहे ते वृद्ध झाले आहेत. पुस्तकात वाचून ही विद्या येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसूनच ती येते.

यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. दरसाल माघ शुद्ध त्रयोदशीला आपण विश्वकर्मा जयंती साजरी करतो. त्या निमित्ताने प्रत्येक घराने एक जुनी वस्तू, मग तो मोडका पाट असो वा सैल बाज, उत्सवाच्या मंडपात आणावी. ज्येष्ठांनी ती दुरुस्त करावी आणि मुलामुलींनी शेजारी बसून पाहावी, हात लावावा. मुलींनाही यात आवर्जून घ्यावे; घर उजळण्याचे अर्धे शास्त्र पूर्वीपासून त्यांच्याचकडे आहे. ज्यांना हा धंदा नव्याने करावयाचा आहे त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य व पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तीत तरतूद करण्यात आली. गावोगाव जुने सागवान घेऊन परके व्यापारी फिरत असता, तेच लाकूड येथेच नवे करून विकणारी चार तरुण मुले देवळीत उभी राहू नयेत, असे काही कारण दिसत नाही.

आणि वाडा पाडण्याची वेळ खरोखरच आली, तर निदान एवढे करावे: मोडीवाल्यास बोलाविण्यापूर्वी एका जाणत्या सुतारास घर दाखवावे. कोणते लाकूड पुढची शंभर वर्षे टिकेल हे तो सांगेल. एक खांब, एक दार, एक पेटी तरी नव्या घरात न्यावी. आपल्या पूर्वजांनी आपली नावे कोठे कोरून ठेवली नाहीत. त्यांचा रंधा ज्या लाकडावरून फिरला ते लाकूड हाच त्यांचा लेख आहे. तो पुसला जाऊ न देणे आपल्या हाती आहे. श्रीविश्वकर्मा आपल्या हातांना बळ देवो आणि प्रत्येक घर येत्या दिवाळीस आपल्याच घरच्या हातांनी उजळो, हीच प्रार्थना.